कैलासची राखण

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, हसनाबादच्या माझ्या घरी मी झोपेत एका विमानाला खाली येणं थांबवायला सांगितलं. विमान हसनाबादवरून जात नव्हतं. ते दक्षिणेकडच्या एका मोठ्या विमानतळाजवळ होतं. ते थांबलं, म्हणजे सांगितलेल्या उंचीच्या खाली आलं नाही.

यातल्या पहिल्या गोष्टीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग आहे. दुसरी गोष्ट माझ्या धाकट्या भावानं, कैलासनं, मला सांगितली. दोन्हींचा एकमेकींशी संबंध लावायचा की नाही, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी बरीच वर्षं जालन्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. आता गावी राहून शेती बघतो आणि तालुक्याच्या बातम्या पाठवतो. अंगात येणं, भानामती, करणी... अशा बातम्या डेस्कवर आल्या की मी पहिला प्रश्न विचारायचो, पाहिलं कुणी? अतर्क्य अनुभवांचं हे सदरही मी चुका काढायलाच वाचत आलो. गावाचं नाव नसतं, साक्षीदार नसतो, अंगावर काटा मात्र चार वेळा येतो. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात मी काय पाहिलं, मला कुणी काय सांगितलं आणि काय कुणालाच माहीत नाही, हे वेगवेगळं ठेवतो.

आधी कैलासबद्दल. तो एटीसीत आहे, हवाई वाहतूक नियंत्रक. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनसमोर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना उंची आणि दिशा सांगतो. गावात बऱ्याच जणांना वाटतं की तो विमान चालवतो. आमचे वडील, आबा, प्रत्येकाला थांबवून दुरुस्ती करतात. "चालवत न्हाई. राखतो."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याला हिशोब नाही. आणि दर वेळी मला त्याचा हेवा वाटला. यात लपवण्यासारखं काही नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे.

राखण्याचा संदर्भ असा. आमची पूर्वी मेंढरं होती. उन्हाळ्यात आबा ती घेऊन घनसावंगीकडं, गोदाकाठच्या गावांना उतरायचे. तिथले शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घ्यायचे. शाळेला सुट्टी लागली की मी आणि कैलास त्यांच्याबरोबर. रात्री लांडग्याची आणि चोराची भीती, म्हणून पाळीपाळीनं जागायचं. पाळी बदलायची एक रीत होती. झोपायला जाणाऱ्यानं काठी दुसऱ्याच्या मांडीवर आडवी ठेवायची आणि म्हणायचं, "राखण तुझी." दुसऱ्यानं काठीवर हात ठेवून म्हणायचं, "माझी." ते ऐकल्याशिवाय पहिल्यानं डोळा मिटायचा नाही. आणि ज्यानं दिली त्यानंच उठल्यावर परत मागून घ्यायची. आबा याचं कारण व्यवहाराचं सांगायचे. दोघांनाही वाटतं दुसरा जागा आहे, आणि दोघंही झोपतात. लांडगा तेवढ्याचीच वाट बघत असतो.

मी "माझी" म्हणायचो आणि बसल्या जागी झोपायचो. दोन-तीनदा असं झाल्यावर आबांनी मला काठी देणं बंद केलं. माझी पाळी कैलास करायला लागला. तेव्हा तो माझ्या खांद्याएवढाही नव्हता. "थोरल्याला झोपू द्या, तो झोपायलाच आलाय," असं आबा सगळ्यांदेखत म्हणायचे. मेंढरं विकून कितीतरी वर्षं झाली, पण घरातली ही वाटणी कायम राहिली. कैलास जागणारा, मी झोपणारा.

पुढे कैलास इंजिनिअर झाला, परीक्षा देऊन एटीसीत लागला. गावात सत्कार झाला, चौकात बॅनर लागलं. माझ्या बातम्यांचे पेपर त्या सुमाराला मायनं फडताळात डब्यांखाली अंथरले होते. एका डब्याखाली माझी पहिल्या पानावरची बातमी होती. तिच्यावर तेलाचा गोल डाग पडला होता.

पण खरा हेवा या सगळ्याचा नव्हता. त्याच्या झोपेला घरात जो मान होता, त्याचा होता.

कैलास सुट्टीवर आला की घर त्याच्या झोपेभोवती फिरायचं. खिडकीला जाड चादर लागायची. माय कुकर लावायची नाही, चुलीवर डाळ शिजवायची. मिक्सर बंद. शेजारचा ट्रॅक्टर सुरू झाला की आबा स्वतः जाऊन सांगून यायचे, पोरगा रात्रपाळीचा हाय, गल्लीच्या टोकाला नेऊन चालू कर. माझी बायको संगीता पैंजण काढून ठेवायची. मीही रात्रपाळी केली आहे. डेस्कवर पानं छपाईला सोडून पहाटे झोपायचो, आणि गावी असलो की माय उशाशी मिक्सर लावून म्हणायची, ऊन डोक्यावर आलं, उठ. माझी रात्रपाळी आळसात जमा होती. त्याची रात्रपाळी देशाच्या कामात.

मी एकदा हे बोलून दाखवलं. आबा म्हणाले, तुझं चुकलं तर काय होतं? मी म्हणालो, दुसऱ्या दिवशी खुलासा छापतो.  

गेल्या वर्षी पोळ्याला कैलास आला तेव्हा तो ओळखू येत नव्हता. डोळ्यांखाली काळं, गालफडं बसलेली. त्यांच्याकडे माणसं कमी होती. त्यानं सांगितलं ते असं. सकाळ, मग दुपार, मग रात्र, मग सुट्टी, पुन्हा सकाळ. कुणी आजारी पडलं तर सुट्टीवाल्याला बोलावणं येतं. "रोस्टरमंदी सगळं बराबर दिसतं, भाऊ. नियमाच्या बाहेर काहीच नसतं. फक्त शरीराला रोस्टर वाचता येत न्हाई." रात्रपाळी करून खोलीवर गेला की झोप यायची नाही, आणि खुर्चीत बसला की यायची. डॉक्टरांना सांगायची भीती वाटत होती, कारण वैद्यकीय तपासणीत अडकला तर स्क्रीनसमोर बसता येणार नव्हतं. आणि त्याला दुसरं काही करायचं नव्हतं. स्क्रीनसमोरून उठवलं तर मी काय राहतो, असं तो एकदा म्हणाला. ते मला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही.

आठवडाभर चादर लागली, चुलीवर डाळ शिजली. कैलास आत पडून असायचा, झोपायचा नाही.

त्या आठवड्यातल्या शेवटच्या दुपारी मी जेवून ओसरीवरच्या बाजेवर आडवा झालो. जाग आली तेव्हा कैलास शेजारी भिंतीला टेकून बसला होता. किती वेळ बसला होता माहीत नाही.

"काय बघून राह्यला?" मी विचारलं.

"तुला झोपताना." मग म्हणाला, "राग येतो तुझा, भाऊ. पाठ टेकली की गेलास. कसं काय? तुझी झोप मला विकत दिली असती तर घेतली असती."

मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माझ्याकडचं काही हवं होतं. मी म्हणालो, विकत कशाला, अदलाबदल करू. तुझी राखण मला दे, माझी झोप तू घे. नाही तरी आबांना राखण्याचंच कौतुक आहे.

तो हसला. आबांची जुनी काठी ओसरीच्या कोपऱ्यात उभी असते. बोराटीची, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. ती त्यानं आणली, माझ्या मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाला, "राखण तुझी."

मी तारेवर हात ठेवला. "माझी."

माझ्याच बाजेवर तो कलंडला. ओसरीवर चादर नव्हती, ऊन पायावर येत होतं. संध्याकाळी मायनं कुकर लावला, शिट्ट्या झाल्या. तो उठला नाही. रात्री जेवायला उठवलं, उठला नाही. माय दोनदा नाकाशी बोट धरून बघून आली. दुसऱ्या दिवशी अंगणात ऊन आल्यावर तो उठला, अंघोळ केली, चार भाकरी खाल्ल्या, आणि बसची वेळ झाली म्हणून घाईनं जालन्याला निघून गेला.

काठी त्यानं परत मागितली नाही. तो विसरला की त्याला परत घ्यायची नव्हती, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. ते पुढे येईल. त्या सकाळी एवढंच झालं की आबांचं लक्ष बाजेशी टेकलेल्या काठीकडे गेलं.

"यानं परत न्हाई घेतली का?"

मी म्हणालो, राहू द्या, माझ्याकडं आहे. आबा थट्टा करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "जमंल तुला?"

माझं वय चाळिशीच्या पुढं आहे. वडिलांनी मला हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

त्यानंतर माझी झोप मोडायला लागली. सुरुवातीला मी चहा कमी केला. मग कापसाच्या भावाची काळजी असेल असं म्हटलं. कुणीतरी हाक मारल्यासारखी जाग यायची. आवाज नसायचा, पण हाक येऊन गेल्यासारखं वाटायचं. दुपारी पडलो तरी डोळा लागायचा आणि लगेच उघडायचा. संगीता वर्षानुवर्षं माझ्या घोरण्याची तक्रार करत होती. घोरणं थांबलं. पहिले दोन दिवस तिनं आनंद मानला, नंतर ती मला बी.पी. तपासून घ्या म्हणायला लागली.

त्रास होता, पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मला ते आवडतही होतं. आबा लवकर उठतात. मी अंगणात जागा दिसलो की शेजारी येऊन बसायचे, टकळीवर लोकर कातत मेंढरांच्या गोष्टी सांगायचे. कोणत्या शिवारात लांडगा आला, कैलास कसा ओरडला. त्या गोष्टी पूर्वी ते मला सांगत नसत.

आणि कैलास झोपत होता. फोनवर उत्साहानं सांगायचा. रात्रपाळीहून आलो की गेलो. बसमध्ये डोळा लागला आणि पुढच्या स्टॉपला उतरलो. कुशीवर, तोंड उघडं, डावा हात उशीखाली, असं त्याचा खोलीतला सहकारी त्याला चिडवतो म्हणाला. मी असाच झोपायचो. मला वाटलं, माझं काहीतरी घालून हा मिरवतोय. फोन ठेवल्यावर संगीताला तसं म्हणालोही. ती म्हणाली, तुम्ही भावाच्या झोपेवर सुद्धा जळता का?

आता तो मंगळवार. त्या दुपारचं मला काहीच आठवत नाही. पुढचं संगीताचं म्हणणं आहे, आणि मायचं.

जेवण करून मी ओसरीवर पडलो. संगीता आत भांडी घासत होती. बाहेर बोलण्याचा आवाज आला. कुणी पाहुणा आला असेल म्हणून ती पदर सावरून बाहेर आली. कुणी नव्हतं. मी पाठीवर ताठ पडलो होतो, डोळे उघडे होते, काठी छातीवर आडवी धरलेली होती, आणि मी इंग्रजीत बोलत होतो. झोपताना काठी माझ्याजवळ नव्हती असं ती सांगते. मी ती कोपऱ्यातून कधी आणली, कुणी पाहिलं नाही. तिला वाटलं झटका आलाय. डॉक्टरला दाखवता यावं म्हणून तिनं मोबाइल सुरू केला. मग मायला हाक मारली.

रेकॉर्डिंग लहान आहे. आवाज माझा आहे, पण माझ्या नेहमीच्या बोलण्यासारखा नाही. सपाट आहे, घाई नाही. आधी एका विमानाचा नंबर. तो इथे देत नाही. मग, "स्टॉप डिसेंट. फ्लाइट लेव्हल वन टू झिरो." मग शांतता. त्या शांततेत लांबून मळणीयंत्र ऐकू येतं. मग मी म्हणतो, "निगेटिव्ह." थोडं थांबून, "वन टू झिरो." पुन्हा शांतता, पहिल्यापेक्षा लहान. मग नाकातून सुटकेचा श्वास. त्यानंतर संगीताचा आवाज, अहो, अहो, काय होतंय... आणि रेकॉर्डिंग संपतं.

मायनं तोंडावर पाणी मारल्यावर मी उठलो. मला काही झालं नव्हतं. तिघांनी मिळून ते ऐकलं. आबा शेतातून आल्यावर त्यांनाही ऐकवलं. त्यांना इंग्रजी कळत नाही. त्यांनी एकच विचारलं.

"मधी गप्प का बसला हा? कुणाचं ऐकून राह्यला?"

संध्याकाळी कैलासचा फोन आला. रेकॉर्डिंगचं आम्ही कुणी त्याला कळवलेलं नव्हतं. तो रडवेला होता.

तो रात्रपाळी करून सकाळी खोलीवर जाऊन झोपला होता. दुपारचा माणूस तापानं पडला, म्हणून त्याला झोपेतून उठवून बोलावलं. तो गेला, सकाळपाळीच्या माणसाकडून स्क्रीन समजून घेतला, "घेतलं" म्हणाला आणि बसला. एक विमान खाली येत होतं. त्याच्या वाटेत, एकशेदहाच्या थरावर, म्हणजे अकरा हजार फुटांवर, दुसरं एक विमान होतं. ते तोपर्यंत पुढे निघून जायला हवं होतं, पण गेलं नव्हतं. हे कैलासनं पाहिलं. त्यानंतर त्याला काही आठवत नाही. आठवतं ते थेट पुढचं. दोन्ही विमानं एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर होती, आणि शेजारी बसलेली सहकारी त्याला म्हणत होती, छान पकडलंस.

"मी काय पकडलं तेच मला ठावं न्हाई, भाऊ. मी झोपलो होतो. डोळे उघडे होते म्हणून तिला कळलं न्हाई."

त्यानं स्वतः वरिष्ठांना जाऊन सांगितलं की मला झोप लागली होती. कुणी विचारलं नसतानाही. त्यांनी त्याला लगेच स्क्रीनवरून उठवलं. पुढे चौकशीत टेप ऐकवली, ते त्यानं नंतरच्या फोनवर सांगितलं. टेपवर असं होतं. कैलासच्या आवाजात विमानाला एकशेवीसच्या थरावर थांबायची सूचना. वैमानिकाचं उत्तर, त्यात चुकून एकशेदहा. दुसरं विमान होतं तोच थर. कैलासच्या आवाजात, निगेटिव्ह, म्हणजे चूक, आणि पुन्हा एकशेवीस. वैमानिकाचं बरोबर उत्तर.

मी त्याला रेकॉर्डिंगबद्दल फोनवर सांगितलं नाही. का, ते नीट सांगता येत नाही. बातमी हातात असून मी ती पहिल्यांदाच धरून ठेवली.

दिवाळीला तो घरी आला. तोपर्यंत त्याला दिवसपाळीचं टेबलाचं काम दिलेलं होतं. चौकशीत सूचना योग्य आणि वेळेवर ठरली होती. त्यानं स्वतःहून सांगितलं, याचीही नोंद झाली. आता पुन्हा स्क्रीनवर यायचं असेल तर चाचणी देऊन येता येणार होतं. तारीख जवळ आली होती. तो मात्र गुबगुबीत झाला होता, चेहऱ्यावर तुकतुकी. आणि मी वाळलो होतो. मायनं दोघांना शेजारी पाहून तोंडाला पदर लावला.

जेवणं झाल्यावर ओसरीवर आम्ही तिघं बसलो. आबा टकळी फिरवत होते. कैलास म्हणाला, चाचणी देणार नाही.

"का?"

"झोप सोडवत न्हाई." मग माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी काठी मी विसरलो न्हाई, भाऊ. मुद्दाम सोडून गेल्तो."

आबांची टकळी थांबली. ते माझ्याकडे वळले. मला विचारलं, तुझ्याच्यानं होईल का कायमचं? मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. झोप गेली तर गेली. घरात राखणारा मी असेन.

कैलास हसला. ते हसू मला झोंबलं. "तू काय राखणार? तुला वन टू झिरो म्हंजे काय ते तरी माहीत हाय का?"

हाच आकडा माझ्या तोंडून निघाला होता, हे त्याला अजून माहीत नव्हतं. मी मोबाइल काढला आणि रेकॉर्डिंग लावलं.

त्यानं एकदा ऐकलं. पुन्हा लाव म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकताना त्यानं डोळे मिटले होते, आणि मधल्या शांततेत त्याचे ओठ हलत होते. वैमानिकाचं वाक्य तो मनात म्हणत होता. ते संपलं आणि त्याच क्षणी मोबाइलमधून माझं "निगेटिव्ह" आलं. त्यानं फाइलची वेळ पाहिली. टेपवरची वेळ त्याला पाठ होती. दोन्ही वेळा जुळतात, असं तो म्हणाला.

"निगेटिव्ह म्हणून मी असंच थांबतो," तो म्हणाला. "शिकवणारे ओरडायचे, थांबू नको. माझी खोड हाय ती. माझी." त्याचा चेहरा तांबूस झाला होता. तो भ्यायला असेल असं मला आधी वाटलं. पण तो चेहरा मला माहीत होता. तो माझा होता, चौकात त्याच्या बॅनरखाली मी उभा असतानाचा. "इतकी वर्षं घातली मी त्याच्यात. अन् तू बाजेवर पडून..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. हात पुढे केला.

"दे."

काठी माझ्या मांडीवर होती. मी ती लगेच दिली नाही. आबा बघत होते, पण मध्ये पडले नाहीत. कैलासचा हात तसाच पुढे होता.

"झोपेचं काय?" मी विचारलं.

"ती तुझीच हाय. तुझ्यासारखाच घोरून राह्यलो होतो मी. खोलीतला पोरगा कंटाळला."

मी काठी उचलून त्याच्या मांडीवर आडवी ठेवली. मी म्हणालो, "राखण तुझी."

"माझी," तो म्हणाला. माझं वाक्य पुरतं संपायच्या आत.

मी जेवढं तपासता येतं तेवढं तपासलं आहे. ते विमान रोज त्याच वेळेला येतं. त्यामुळे त्याचा नंबर कैलासच्या तोंडून पूर्वी कधी माझ्या कानावर पडलेला असू शकतो. मला आठवत नाही, त्यालाही नाही. सूचनेचे शब्द ठरीव असतात, तेही मी त्याच्याकडून ऐकले असतील. वैमानिक त्या दिवशी चुकीचा आकडा म्हणणार, हे मात्र आधी कुणाला माहीत असण्यासारखं नाही. टेप मी ऐकलेली नाही, ऐकायला मिळणारही नाही. तिच्याबद्दल कैलास सांगतो तेवढंच. माझ्या मोबाइलमधली फाइल आहे तशी आहे. एका ओळखीच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवली. झोपेत बोलणारे लोक असतात, म्हणाले. मधल्या शांततेबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी ती पुन्हा ऐकली आणि फीचे पैसे घेतले नाहीत. मला याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही.

कैलासनं चाचणी दिली. तो पुन्हा स्क्रीनसमोर बसतो. रोस्टर तेच आहे. काठी तो बसनं, मग रेल्वेनं, खोलीवर घेऊन गेला. ओसरीच्या कोपऱ्यात आता काही नाही. आबा लोकांना अजून तेच वाक्य सांगतात.

काठी परत दिली त्या दुपारबद्दल नक्की सांगता येईल ते एवढंच. मी तिथंच बाजेवर आडवा झालो. भांडी आत न्यायच्या आधी मी घोरायला लागलो, असं संगीता सांगते. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि कैलास भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर काठी घेऊन, जागा. घरात आवाज नव्हता. मायनं कुकर लावलेला नव्हता. ओसरीच्या उन्हाच्या बाजूला, दोन खांबांना बांधून, खोलीतली जाड चादर लावलेली होती. ती कैलासनं लावली होती.